परदेशात विक्रीकराची नोंदणी केव्हा लागते: इंदूरच्या लहान विक्रेत्यांसाठी

महेश्वरी साड्या आणि स्टोल, बागचे ठसेकाम, इंदूरची चामड्याची खेळणी, नमकीन, आणि गेल्या काही वर्षांत संगणक प्रणाली, असा नाना तऱ्हेचा माल आता इंदूरहून थेट परदेशी गिऱ्हाइकाच्या हाती पडतो. पूर्वी मध्ये मुंबईचा निर्यातदार असे. तो गेला, आणि त्याच्याबरोबर परदेशी कायद्यांची माहिती ठेवणारी त्याची कचेरीही गेली. अशा लहान विक्रेत्यांचे कराचे काम मी पाहते. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: “ताई, निर्यातीवर कर नसतो ना?”

भारताच्या हद्दीपर्यंत हे खरे आहे. एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६ नुसार निर्यात शून्य दराची आहे, एलयूटी म्हणजे हमीपत्र भरले की कर न भरता माल पाठवता येतो आणि खरेदीवर भरलेला जीएसटी परत मागता येतो. परंतु आपण शून्य दर लावतो तो उदारपणाने नव्हे. वस्तू जिथे वापरली जाईल तिथल्या सरकारने तिच्यावर कर घ्यावा, असा जगभरच्या मूल्यवर्धित करांचा पाया आहे, आणि म्हणूनच ती जिथून निघाली त्या देशाने आपला कर सोडायचा असतो. इथे सोडलेला कर तिथे कोणीतरी भरायचा असतोच. तो कोणी भरायचा, एवढाच प्रश्न उरतो, आणि परदेशातील नोंदणीचा सगळा विषय त्या एका प्रश्नातून निघतो.

जोवर माल कंटेनरमधून जात होता तोवर उत्तर सोपे होते. जकात नाक्यावर ट्रक थांबावा तसा माल बंदरावर थांबे, आणि आयात करणारा व्यापारी तिथेच सीमाशुल्क व कर भरून तो सोडवून घेई. विकणाऱ्याला त्या देशाच्या कर खात्याशी काही देणेघेणे नसे. ही व्यवस्था दोन ठिकाणी फुटली. एक तर लहान पार्सले इतकी वाढली की प्रत्येकावर कर वसूल करणे परवडेना, म्हणून बहुतेक देशांनी ठरावीक किमतीखालचा माल माफ केला होता, आणि ती माफीच पुढे स्थानिक दुकानदारांच्या मुळावर आली. दुसरे म्हणजे सॉफ्टवेअर, ध्वनिमुद्रित शिकवण्या, खेळ आणि चित्रपट तारेवरून जाऊ लागले, आणि त्यांच्या वाटेत नाकाच राहिला नाही. तेव्हा सरकारांनी सीमेवर वसुली करण्याऐवजी थेट परदेशी विक्रेत्यालाच सांगितले की तू आमच्याकडे नाव नोंदव, गिऱ्हाइकाकडून कर घे आणि आमच्याकडे भर. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने याची मार्गदर्शक तत्त्वे आखून दिली, आणि त्यानंतर एकेका देशाने आपापले कायदे बदलले.

आता मला सर्वांत तळमळीने जे सांगायचे आहे त्याकडे येते. आपल्याकडे मालाच्या उलाढालीला ४० लाखांची आणि सेवांना २० लाखांची मर्यादा आहे, हे सर्वांना पाठ असते. तशीच मर्यादा परदेशातही असणार आणि आपला व्यवसाय तर तिच्या कितीतरी खाली आहे, असे विक्रेते गृहीत धरतात. इंटरनेटवर शोधले की ब्रिटनची मर्यादा ९०,००० पौंड असल्याचेही वाचायला मिळते, आणि मग मन निर्धास्त होते. ही मर्यादा खरी आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून ती तेवढीच आहे. पण ती ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व्यवसायांसाठी आहे. ज्याचे ब्रिटनमध्ये कार्यालय किंवा व्यवसायाचे ठिकाण नाही, त्याच्यासाठी ती १ डिसेंबर २०१२ पासूनच शून्य आहे. पहिल्या करपात्र विक्रीपासून नोंदणी. लीड्सच्या दुकानदाराला जी सूट आहे ती इंदूरच्या विक्रेत्याला नाही, आणि छापील मर्यादा वाचताना ती कोणासाठी आहे हे पाहिले नाही तर सगळा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहतो.

हे न्याय्य आहे का? मला तसे वाटत नाही. महिन्याला दहा-पंधरा स्टोल पाठवणाऱ्या विणकर कुटुंबाने दुसऱ्या देशाच्या कर खात्यात नाव नोंदवून दर तिमाहीला विवरणपत्र भरावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. परंतु कायदा आहे तसाच समजून घेणे भाग आहे.

ब्रिटनचा नियम थोडा उलगडून सांगते, कारण आपल्याकडील बरीच किरकोळ विक्री तिकडे होते. १ जानेवारी २०२१ पासून, १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर सीमेवर व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, घेतला जात नाही, तो विक्रीच्या क्षणी घ्यायचा असतो. महेश्वरी स्टोल ६० पौंडांना आपल्या स्वतःच्या वेबसाइटवरून मँचेस्टरच्या एखाद्या बाईंना विकला, तर विक्रेत्याची ब्रिटनमध्ये नोंदणी हवी आणि त्याने २० टक्के व्हॅट भरायला हवा. तोच स्टोल एखाद्या मोठ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून विकला, तर व्हॅट घेण्याची आणि भरण्याची जबाबदारी त्या प्लॅटफॉर्मची असते. घेणारा नोंदणीकृत व्यापारी असेल आणि त्याने आपला व्हॅट क्रमांक विक्रेत्याला दिला असेल, तर कर तो स्वतःच्या विवरणपत्रात दाखवतो. शिवाय १३५ पौंड ही पार्सलची किंमत आहे, नगाची नव्हे. ७० पौंडांचे दोन स्टोल एका पाकिटात घातले की १४० पौंड झाले, मग सीमेवरचा आयात व्हॅट लागतो आणि तो सहसा घेणारा भरतो. म्हणजे एकाच मालाची, एकाच गावाहून एकाच गावी झालेली विक्री पाकिटागणिक वेगळ्या नियमाखाली येऊ शकते. हे सांगताना पुष्कळांच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसतो.

नोंदणी न घेता विक्री करत राहिले तर काय होते, हे रकमेत पाहणे बरे. किंमत ६० पौंड सांगितली आणि कर वेगळा आकारला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने त्या ६० पौंडांतच व्हॅट आला असे धरले जाते. २० टक्के दराने तो एकूण रकमेचा एक षष्ठांश, म्हणजे १० पौंड होतो. समजा असे २०० स्टोल विकले गेले, तर १२,००० पौंडांच्या जमेतून २,००० पौंड द्यावे लागतील, वर व्याज आणि दंड वेगळा. ज्या धंद्यात शंभर रुपयांमागे पंधरा रुपये नफा राहतो त्यात हा पैसा भांडवलातूनच जातो. गिऱ्हाइकाकडे मागे जाऊन कर मागता येत नाही, म्हणूनच नोंदणीची वेळ इतकी महत्त्वाची ठरते.

युरोपीय संघात गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे १ जुलै २०२१ रोजी २२ युरोंपर्यंतची जुनी माफी गेली आणि प्रत्येक पार्सल करपात्र झाले. १५० युरोंपर्यंतच्या मालासाठी आयओएसएस नावाची योजना आली, तिच्यात एका सदस्य देशात नोंदणी करून सर्व देशांतील गिऱ्हाइकांचा व्हॅट महिन्यातून एकदा भरता येतो. मात्र ही योजना ऐच्छिक आहे. ती घेतली नाही तर पार्सल पोहोचवताना टपाल खाते किंवा कुरिअर कंपनी घेणाऱ्याकडून व्हॅट आणि वर स्वतःचा आकार घेते, आणि बऱ्याच वेळा गिऱ्हाईक तो न देता माल परत पाठवते. भारतातील विक्रेत्याला आयओएसएस घ्यायचे तर संघातील मध्यस्थ नेमावा लागतो. कराच्या रकमेला तोही जबाबदार असतो, त्यामुळे त्याचे शुल्क चांगलेच असते. माझे मत असे आहे की युरोपात विक्री तुरळक असेल तर स्वतंत्र आयओएसएसच्या मागे लागू नये. प्लॅटफॉर्मवरून विकावे, म्हणजे ती जबाबदारी प्लॅटफॉर्मकडे जाते.

युरोपच्या बाबतीत १०,००० युरोंची मर्यादाही सारखी वाचनात येते. तिचा आधार आपल्याला घेता येत नाही, कारण ती संघातील एकाच देशात स्थापन झालेल्या लहान व्यवसायांसाठी आहे.

या सगळ्याहून कडक नियम लागतो तो परदेशी गोदामात माल ठेवणाऱ्यांना. प्लॅटफॉर्मच्या गोदामात माल आधीच नेऊन ठेवला की गिऱ्हाइकाला दोन दिवसांत पार्सल मिळते, विक्री वाढते, आणि म्हणून तो मार्ग मोहक वाटतो. परंतु जर्मनीतील गोदामात माल ठेवला की जर्मनीत नोंदणी लागते, पोलंडमध्ये ठेवला की पोलंडमध्ये, आणि गोदामांच्या जाळ्यात माल आपोआप एका देशातून दुसऱ्या देशात हलवण्याची परवानगी विक्रेत्याने एका टिकमार्कने दिली असेल तर माल जिथे जिथे ठेवला गेला त्या प्रत्येक देशात. काही देश स्थानिक कर-प्रतिनिधी नेमण्याचीही सक्ती करतात. ब्रिटनमधील गोदामातून प्लॅटफॉर्मवरून विकलेल्या मालावरचा कर प्लॅटफॉर्म भरतो, तरी माल तिथे आणताना भरलेला आयात व्हॅट वळता करून घ्यायचा तर नोंदणी हवीच. म्हणून गोदामाच्या करारावर सही करण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे, नंतर नव्हे, असा माझा आग्रह असतो.

अमेरिकेत चित्र पूर्ण वेगळे आहे. केंद्राचा विक्रीकर तिथे नाहीच. ४५ राज्ये आणि वॉशिंग्टन डीसी आपापला विक्रीकर घेतात. अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांत राज्यपातळीवरचा विक्रीकर नाही. १९९२ च्या क्विल खटल्यापासून नियम असा होता की ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, त्या राज्याला त्याच्यावर कर वसूल करण्याची सक्ती करता येत नाही. २१ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी हा नियम मोडीत काढला. साउथ डकोटाच्या कायद्यात वर्षाला १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार अशी अट होती, आणि ती लहान विक्रेत्यांवर फार ओझे टाकत नाही हे न्यायालयाने विचारात घेतले. त्यानंतर विक्रीकर असलेल्या बाकीच्या राज्यांनीही असेच कायदे केले, शेवटचे मिसुरी १ जानेवारी २०२३ पासून. साउथ डकोटाने स्वतः २०० व्यवहारांची अट जुलै २०२३ मध्ये काढून टाकली आणि इतरही अनेक राज्ये ती काढत आहेत. ती काढणे योग्यच होते, कारण पाच डॉलरची खेळणी विकणारा हजार डॉलरच्या उलाढालीतच तिच्यात अडके.

कॅलिफोर्निया आणि टेक्सासची मर्यादा ५ लाख डॉलर आहे. न्यूयॉर्कमध्ये ५ लाख डॉलर आणि १०० हून अधिक विक्रीव्यवहार या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. १ लाख डॉलर म्हणजे ८० लाख रुपयांच्या वर, आणि तेही एकाच राज्यात. त्यामुळे इंदूरहून थेट पार्सल पाठवणाऱ्या लहान विक्रेत्याला अमेरिकेत ब्रिटनपेक्षा बरीच मोकळीक आहे. इथे बाहेरच्याला वेगळी, शून्य मर्यादा नाही. जी ओहायोच्या विक्रेत्याला दुसऱ्या राज्यात विकताना लागते तीच आपल्यालाही लागते. पण ही मोकळीक माल दूर असेपर्यंतच असते. टेक्सासच्या गोदामात माल ठेवला की त्या राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व झाले, मग ५ लाखांची मर्यादा आड येत नाही. प्लॅटफॉर्मवरच्या विक्रीचा कर प्लॅटफॉर्म भरतो, तसे कायदे विक्रीकर असलेल्या सर्व राज्यांत झालेले आहेत. तरी गोदामात माल असणाऱ्याने स्वतःचीही नोंदणी ठेवावी असे काही राज्ये म्हणतात, आणि आपल्या वेबसाइटवरून त्याच गोदामातला माल विकला तर तो कर आपणच भरायचा असतो.

अमेरिकेविषयी दोन समजुती इंदूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत वारंवार ऐकू येतात. एक अशी की भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी करमुक्तीचा करार आहे आणि आपले तिथे कायम कार्यालय नाही, म्हणून कर लागणार नाही. १९८९ चा तो करार केंद्राच्या प्राप्तिकराविषयी आहे. राज्यांचा विक्रीकर त्यात येत नाही. प्राप्तिकरासाठी कायम कार्यालयाची कसोटी असते, विक्रीकरासाठी विक्रीची रक्कम पुरते. दुसरी समजूत अशी की डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही, तेव्हा तिथे कंपनी काढली की प्रश्न मिटला. कंपनी कुठे नोंदवली याला इथे काही अर्थ नाही, गिऱ्हाईक कुठे बसले आहे ते पाहिले जाते. डेलावेअरच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकाला विकले तर न्यूयॉर्कचा नियम लागतो. त्याचप्रमाणे कंपनीने न्यू जर्सीत राहणारा एकच विक्री-प्रतिनिधी पगारावर नेमला, तरी त्या राज्यात प्रत्यक्ष अस्तित्व तयार होते. तो घरूनच काम करत असला तरी फरक पडत नाही.

त्यातही सॉफ्टवेअरवर कर आहे की नाही हे राज्यागणिक बदलते. ऑनलाइन वापरायच्या सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया कर घेतात, टेक्सास ती माहिती-प्रक्रिया सेवा मानून रकमेच्या ८० टक्क्यांवर कर घेते, आणि कॅलिफोर्निया तिच्यावर कर घेत नाही. म्हणून अमेरिकेत आधी आपला माल त्या राज्यात करपात्र आहे का हे पाहावे आणि मग मर्यादेचा हिशेब करावा. ठोक विक्रीत घेणाऱ्या दुकानदाराकडून पुनर्विक्रीचा दाखला घेतला की कर लागत नाही. तो दाखला जपून ठेवणे मात्र विक्रेत्याचे काम आहे, आणि काही राज्ये मर्यादा मोजताना अशी करमुक्त विक्रीही धरतात.

अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची सीमाशुल्काची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली, तेव्हा अनेकांनी तिची सांगड विक्रीकराशी घातली. ते सीमाशुल्क आहे आणि केंद्राचे आहे. राज्याच्या विक्रीकराची नोंदणी त्यामुळे लागत नाही आणि टळतही नाही.

सेवांच्या बाबतीत पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: गिऱ्हाईक व्यवसाय आहे की घरगुती ग्राहक? युरोप आणि ब्रिटनमध्ये सेवा घेणारा व्यवसाय असेल, तर बहुतेक सेवांवर रिव्हर्स चार्जने तोच कर भरतो, आणि आपल्याला नोंदणी लागत नाही. त्याचा व्हॅट क्रमांक घ्यावा, युरोपीय संघाच्या (ब्रिटनचा असेल तर ब्रिटिश सरकारच्या) संकेतस्थळावर तो खरा असल्याची खात्री करावी, त्या खात्रीची प्रत ठेवावी आणि इनव्हॉइसवर रिव्हर्स चार्जचा उल्लेख करावा. इंदूरच्या बहुतांश आयटी कंपन्यांचे काम एवढ्यावर भागते. घरगुती ग्राहकाला डिजिटल सेवा विकली की मात्र पहिल्या युरोपासून कर लागतो. सुदैवाने ओएसएस योजनेत आपल्या पसंतीच्या एका देशात नोंदणी करून २७ देशांचा कर एकत्र भरता येतो, आणि सेवांच्या या योजनेत मध्यस्थाची सक्ती नाही. दर मात्र ग्राहकाच्या देशाचा लावायचा असतो, लक्झेंबर्गचा १७ टक्के, जर्मनीचा १९, हंगेरीचा २७. ग्राहक कोणत्या देशात आहे याचा पुरावा, जसे की बिलाचा पत्ता किंवा बँकेचा देश, जपून ठेवावा लागतो.

इंदूर गाण्याचे गाव आहे आणि इथल्या मराठी घरांतून परदेशस्थ मुलांना ऑनलाइन शास्त्रीय संगीत आणि नाट्यसंगीत शिकवणारे गुरू पुष्कळ आहेत. त्यांनी ध्वनिचित्रमुद्रित पाठांचा संच वेबसाइटवर विकायला ठेवला तर ती डिजिटल सेवा होते आणि वरचे नियम लागू होतात. पडद्यावर समोरासमोर बसून थेट शिकवणे वेगळे मानले जात असे. परंतु १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघाने ऑनलाइन उपस्थितीच्या कार्यक्रमांना, शैक्षणिक कार्यक्रमांसह, ग्राहकाच्या देशाचा कर लागू केला आहे, तेव्हा युरोपात शिष्यवर्ग असणाऱ्यांनी आपल्या वर्गांचे स्वरूप एकदा तपासून घ्यावे.

बाहेरच्या लहान विक्रेत्यालाही मर्यादेची सवलत देणारे देश आहेत, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे धोरण आहे. ऑस्ट्रेलियात ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, न्यूझीलंडमध्ये ६०,००० न्यूझीलंड डॉलर आणि कॅनडात १२ महिन्यांत ३०,००० कॅनेडियन डॉलर ओलांडले की नोंदणी लागते. सिंगापूरमध्ये तर जागतिक उलाढाल १० लाख सिंगापूर डॉलरच्या वर आणि तिथल्या घरगुती ग्राहकांची विक्री १ लाखाच्या वर, अशा दोन्ही अटी लागतात. मेलबर्नच्या चार-सहा मुलांना गाणे शिकवणाऱ्याने चिंता करण्याचे कारण नाही. संयुक्त अरब अमिरातीत रहिवाशांसाठी ३,७५,००० दिरहमची मर्यादा आहे, ती बाहेरच्यांना नाही. पण दुबईचा नोंदणीकृत व्यापारी आयात करताना स्वतः कर दाखवतो, म्हणून आपल्या ठोक व्यापाऱ्यांना तिथे सहसा नोंदणी लागत नाही.

आपला देशही परक्यांशी असाच वागतो. भारतातील घरगुती ग्राहकाला ऑनलाइन सेवा विकणाऱ्या परदेशी कंपनीला जीएसटीत पहिल्या रुपयापासून नोंदणी घ्यावी लागते, २० लाखांची मर्यादा तिच्यासाठी नाही. तिने १८ टक्के कर घेऊन जीएसटीआर-५ए हे विवरणपत्र भरायचे असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून या तरतुदीची व्याप्ती आणखी वाढवली गेली. ब्रिटनचा नियम जाचक वाटतो तेव्हा हे सांगितले की विक्रेत्यांना त्यामागचा हेतू लवकर कळतो.

प्रदर्शनांविषयीही सांगायला हवे, कारण हातमाग आणि हस्तकलेचे विक्रेते परदेशी प्रदर्शनांत उत्साहाने भाग घेतात. नमुने केवळ दाखवून परत आणायचे असतील तर फिक्की या उद्योगसंघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता नेण्याचा परवाना, घेऊन माल कर न भरता नेता येतो. पण शेवटच्या दिवशी उरलेला माल स्टॉलवरच विकून टाकण्याचा मोह होतो. कार्नेटवरचा माल तिथे विकला की तो आयात झाला, आणि त्या देशाच्या भूमीवरची ती विक्री पहिल्या नगापासून करपात्र असते. विक्री करायचीच असेल तर आधी नोंदणी घ्यावी आणि माल रीतसर आयात करावा. आपल्या जीएसटीतही भारतात येऊन प्रासंगिक विक्री करणाऱ्या परदेशी व्यक्तीने किमान पाच दिवस आधी अर्ज करायचा असतो आणि अंदाजित कर आगाऊ भरायचा असतो.

“परदेशातल्या खात्याला इंदूरचा विक्रेता दिसणार कसा?” हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. दिसतो. प्लॅटफॉर्म विक्रेत्यांची माहिती कर खात्यांना देतात, गोदामांच्या नोंदी असतात, आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०२४ पासून पैसे पोहोचवणाऱ्या संस्थांना, एका तिमाहीत सीमेपलीकडून २५ हून अधिक रकमा घेणाऱ्या प्रत्येकाची माहिती कळवावी लागते, तो विक्रेता संघाबाहेरचा असला तरी. अमेरिकेत मागची विक्री उघड करून प्रकरण मिटवायचे असेल तर बहुतेक राज्यांत स्वेच्छा-प्रकटीकरणाची सोय आहे. तिच्यात मागच्या तीन-चार वर्षांचाच कर घेतात आणि दंड सहसा माफ करतात. मात्र राज्याची नोटीस येण्यापूर्वी, आणि नोंदणी घेण्यापूर्वी, तो अर्ज करायला हवा. गिऱ्हाइकाकडून कर घेतला आणि भरला नाही, तर मात्र कोणतेही राज्य दया दाखवत नाही.

उतावळेपणाने नोंदणी घेणेही तितकेच अहिताचे आहे. अमेरिकेत नोंदणी एकाच अर्जाने २४ राज्यांत विनाशुल्क घेता येते, म्हणून काही जण सगळीकडे नाव घालून ठेवतात. नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावे लागते, आणि न भरल्यास दंड सुरू होतो. म्हणून देशागणिक आणि अमेरिकेत राज्यागणिक विक्रीचा तक्ता दर महिन्याला करावा, आणि मर्यादेच्या जवळ आल्यावर तयारीला लागावे. एखाद्या बाजारातून बाहेर पडायचे ठरले तर नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी, आणि त्याआधी तिथल्या गोदामातला माल विकून किंवा परत आणून संपवावा. ब्रिटनमध्ये ज्या मालाच्या आयातीचा व्हॅट वळता करून घेतला आहे तो नोंदणी रद्द होण्याच्या दिवशी शिल्लक असेल आणि त्यावरचा व्हॅट १,००० पौंडांहून अधिक होत असेल, तर तो शेवटच्या विवरणपत्रात भरावा लागतो.